रसेलची दुसरी अंगठी

रसेलने धातू शोधायचं मशीन पेटीतून काढलं तेव्हाच अर्लीनने चहाचा कप खाली ठेवून त्याच्या हाताकडे पाहिलं. "अंगठी घातलीय ना? ही हरवलीस तर तिसरी मिळणार नाही. आणि तुझं हे बीप-बीप सरळ समुद्रात जाईल. मी स्वतः टाकून येईन."

"अगं, हरवायला ती काय रुमाल आहे?" रसेल म्हणाला.

पहिली अंगठी अकरा वर्षांपूर्वी ईस्टरच्या दिवशी गेली होती. मेहुणीकडे, मॉरीनच्या घरी, भांडी धुताना सिंकच्या नळीतून वाहून गेली, असं रसेलने सांगितलं होतं. मॉरीनच्या नवऱ्याने सिंकखालची नळी सगळी सोडवली, पण अंगठी काही निघाली नाही. मॉरीननेच ती ठेवून घेतली, असा अर्थ अर्लीनने काढला. तेव्हापासून दोघी बहिणींत नाताळला एक छापील कार्ड जातं आणि एक छापील कार्ड येतं.

रसेल पोस्टात बत्तीस वर्षं पत्रं वाटून निवृत्त झालेला माणूस. आता रोज सकाळी, जर्सीच्या किनाऱ्यावर छत्र्या उघडायच्या आत, तो वाळूवरून मशीन फिरवायचा. गेल्या रविवारी त्याने त्रेसष्ट खड्डे खणले आणि त्रेसष्ट वेळा बियरच्या कॅनची कडीच निघाली. म्हणून आज त्याने मशीनलाच समज दिली: कड्या दिसल्या तर गप्प बसायचं. बटण दाबलं आणि किनारा कसा शांत झाला.

फारच शांत झाला. मशीन ऐकतंय तरी का, हे बघायला त्याने तिथले सगळेच हौशी करतात तेच केलं. बोटातली अंगठी काढली, ओल्या वाळूवर ठेवली आणि तिच्यावरून मशीनची तबकडी फिरवली.

मशीनने हूं की चूं केलं नाही.

"कान मंद झालेत तुझे," असं म्हणत रसेलने आवाजाची खुंटी पिळली. त्याबरोबर मशीन खाऱ्या पाण्यावरच किंचाळायला लागलं. मग ओल्या वाळूची सवय करून द्यायला त्याने तबकडी जमिनीवर खाली-वर, खाली-वर केली. धावायला आलेली एक बाई थांबून म्हणाली, "काका, कंबरेसाठी चांगलाय का हो हा व्यायाम?"

"उत्तम," रसेल म्हणाला. तेवढ्यात मशीन निवलं. आता खरी परीक्षा, म्हणून त्याने अंगठी टाचेने वीतभर खाली दाबली, वर वाळू सारली. मशीन गप्पच. आणि तेवढ्यात एक लाट आली. मोठी नव्हती, पण परत जाताना टाचेची खूण घेऊन गेली.

पुढचा तासभर रसेल खणत होता. सात खड्डे झाले, आठवा पहिल्यातच कोसळला. मग त्याच्यासारखाच हौशी, डेलबर्ट आला. त्याच्या खांद्यावरही मशीन होतं.

"काय हरवलं?"

"काही नाही. मशीन लावतोय जरा."

"फावड्याने?" डेलबर्टने वाकून मशीनच्या पडद्याकडे पाहिलं. "कड्या बंद केल्यास होय? अरे शहाण्या, मशीनला सोन्याची अंगठी आणि कॅनची कडी सारखीच वाटते. कड्यांचं तोंड बंद केलंस की सोन्याचंही होतं!"

रसेलने घाईघाईने बटण उलटं केलं. अख्खा किनारा एकदम बोलायला लागला. एक कडी, दुसरी कडी, चांदीचा कागद, पुन्हा कडी. रस्त्यावरून वाळूत उतरणाऱ्या पायऱ्यांच्या खांबाजवळ एक खोल, दबका आवाज आला. रसेलने कोपरापर्यंत हात घातला आणि पिवळं, गोल काहीतरी वर काढलं.

"सापडली!" तो ओरडला. "डेल, सापडली!"

"छान," डेलबर्ट म्हणाला, आणि रसेलच्या पाठीमागे पाहून टोपी सारखी करत निघून गेला.

मागे अर्लीन उभी होती. एका हातात घडीची खुर्ची, दुसऱ्या हातात अंडं आणि पोर्कच्या चकत्यांचं सँडविच. रसेलने झटकन अंगठी बोटात सरकवली. ती मधल्या सांध्यापाशी अडली.

"सुजलंय जरा बोट. खाऱ्या हवेने."

"आण इकडे." अर्लीनने चष्मा लावला. अंगठी पदराने पुसावी तशी ब्लाउजच्या टोकाने पुसली आणि आतली अक्षरं वाचली, तिच्या स्वतःच्या नावाची. दुसऱ्या अंगठीत अक्षरं नव्हतीच. सिंकमध्ये घालवणाऱ्या माणसासाठी कोरणावळ कशाला, असं तीच म्हणाली होती.

तिने चष्मा काढला.

"मॉरीनचं सिंक," अर्लीन म्हणाली, "बरंच लांबवर वाहतं."

"अर्लीन, त्या सकाळीपण मी इथेच मशीन लावताना—"

"मला नको सांगूस." तिने फोन त्याच्या हातात दिला. "तिला सांग. आणि रविवारी जेवायला बोलाव. भांडी तू धुशील."

फोनवर रसेल 'हो' म्हणाला, 'चुकलं' म्हणाला, मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिला. पलीकडून आधी शिव्या आल्या, मग रडणं, मग हसू. अर्लीन पाठ करून समुद्राकडे बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

फोन झाल्यावर तिने वाळूत खुर्ची उघडली, ऐसपैस बसली आणि सँडविचचा घास घेतला. सँडविच एकच होतं.

"आता तुझी दुसरी अंगठी कुठाय ती शोध. मी आहे इथेच."

रसेल मुकाट्याने मशीन फिरवत तिच्याजवळ आला. खुर्चीखाली मशीन खणखणीत वाजलं. आवाज खुर्चीच्या पायांचा होता की अंगठीचा, हे कळायला तिला फक्त उठवायला हवं होतं.

रसेल एक पाऊल मागे सरला आणि पाण्याच्या बाजूला, जिथे काहीच नव्हतं, तिथे मन लावून खणायला लागला.