बेरार्दीची हरवलेली तबकडी

रविवारी जेवण उरकल्यावर हेरिबेर्तो स्कालीसेने रेकॉर्ड प्लेअर टेबलावर उलटा केला आणि त्याच्या तोंडून असा काही आवाज निघाला, की त्याची बायको देलिया हातातल्या खरकट्या झाऱ्यासकट धावत आली.

"काय झालं? छातीत दुखतंय?"

"पट्टा!" हेरिबेर्तो म्हणाला. "पट्ट्याचा डिंक झालाय!"

मोटर आणि वरची थाळी यांना जोडणारा रबरी पट्टा उन्हाळ्यात वितळून काळाकुट्ट चिकटा झाला होता. एरवी हेरिबेर्तोने चार शिव्या हासडून झोप काढली असती. पण त्या दिवशी पाच वाजता ट्रामवाल्यांच्या क्लबात मिलोंगा, म्हणजे तांगो नाचाची मैफल होती, आणि नाचायला येणारी निम्मी बोएदो वस्ती आज पाय हलवायला कमी आणि कान टवकारायला जास्त येणार होतं. आतिलिओ बेरार्दीची हरवलेली तबकडी आज वाजणार होती, आणि ती वाजवणार होता खुद्द हेरिबेर्तो.

बेरार्दीचा वाद्यवृंद ऐन भरात होता तेव्हा कार्निवलमध्ये त्याच्या नाचाला माणसं भिंतीवरून उड्या मारून आत शिरत. ताल असा पक्का, की त्यावर घड्याळ लावावं. बेरार्दी गेला त्याला युगं लोटली, पण चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या हेरिबेर्तोने त्याची एकूण एक तबकडी जमवली होती. राहिली होती फक्त 'परतीची ट्राम'. हा तांगो ध्वनिमुद्रित झाला, पण बाजारात आलाच नाही. का आला नाही, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि म्हणून प्रत्येकजण छातीठोकपणे सांगायचा. हेरिबेर्तोचं म्हणणं असं, की त्या दिवशी, फक्त त्या एकाच दिवशी, बेरार्दीने ताल सैल सोडला आणि काळीज उघडं केलं. रेकॉर्ड कंपनीवाले घाबरले आणि त्यांनी तबकडी दडपली.

"काळीज?" हेर्वासिओ मोन्तेलेओने हसायचा. हा निवृत्त वकील म्हणजे बेरार्दीचा दुसरा भक्त, आणि अर्थातच हेरिबेर्तोचा वैरी. दोघं वर्षानुवर्षं एकाच कॅफेत एकाच टेबलावर बसून भांडत आले होते. "बेरार्दीच्या छातीत काळीज नव्हतंच, लेका. टिकटिक होती. म्हणून तर तो थोर!"

आणि मग एका मोडक्या रेडिओच्या लाकडी खोक्यात, तळाला चिकटलेली, स्टुडिओत चाचणीसाठी कापलेली ती तबकडी हेरिबेर्तोला मिळाली. इतकी नाजूक, की फार तर दोन-तीनदा सुई सोसेल. त्याने ती स्वतःसुद्धा ऐकली नाही. पहिला मान बेरार्दीच्या मुलीचा, असं त्याने गावभर सांगून टाकलं. त्यात थोडा भक्तिभाव होता आणि थोडा मतलब. ही दोन्या, म्हणजे बाईसाहेब, लेओनोर बेरार्दी मोठी हट्टी बाई होती. वडिलांच्या तबकड्या नव्याने काढायची परवानगी मागायला गेलेल्या प्रत्येकाला तिने दारातूनच वाटेला लावलं होतं. मिलोंगेत तर तिने तरुणपणापासून पाऊल टाकलं नव्हतं. पण 'परतीची ट्राम' म्हटल्यावर ती फोनवर एवढंच म्हणाली, "येते."

आणि आता पट्ट्याचा डिंक!

"रविवारी पट्टा कोण देणार?" हेरिबेर्तोने डोकं धरलं. "हेर्वासिओ मला जिवंत सोडायचा नाही."

देलियाने झारा खाली ठेवला, कपाट उघडलं, हेरिबेर्तोचा पायजमा काढला आणि कात्रीच्या एका फटक्यात त्याचं इलॅस्टिक ओढून काढलं.

"अगं! मग मी घालू काय?"

"आधी संध्याकाळी तोंड दाखवायला जागा राहू दे, म्हाताऱ्या. मग पायजम्याचं बघू."

तिने इलॅस्टिक मापाने शिवलं. थाळी फिरली. एका लष्करी बँडची जुनी तबकडी लावून पाहिली, तर बँड बऱ्यापैकी पावलं टाकत चालला. हेरिबेर्तोने बायकोचं कपाळ चुंबलं आणि सगळा पसारा टॅक्सीत घातला.

क्लबात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावरच्या टेबलावर क्लबवाल्यांनी फुलांची मोठी परडी ठेवली होती, तिच्यामागे प्लेअर मांडला. समोर पहिल्या रांगेत हेर्वासिओ हाताची घडी घालून बसला होता. त्याच्या शेजारी काठी टेकून दोन्या लेओनोर. ऐंशी केव्हाच ओलांडलेली, पण पाठ अशी ताठ, की खुर्चीलाच तिचा आधार वाटावा.

"सुरू करा," ती म्हणाली. "मला फार वेळ बसवत नाही."

हेरिबेर्तोने सुई टेकवली. खरखर झाली. तबकडीतल्या निवेदकाने तांगोचं नाव घेतलं आणि बंदोनिऑनचे भाते कडाडले! सभागृहातून एकच हुंकार उठला. जोड्या फरशीवर उतरल्या. हेरिबेर्तोच्या डोळ्यांत पाणी आलं. तो काळजाची वाट बघत राहिला.

काळीज काही येईना. टक, टक, टक, टक. तोच ताल, तीच शिस्त, नेहमीचा बेरार्दी. नाचणारे शाळेतल्या कवायतीसारखे पावलं टाकू लागले. हेर्वासिओच्या चेहऱ्यावर हसू पसरत पसरत कानापर्यंत गेलं. दोन्या लेओनोरने काठी उचलली आणि ती उठायच्या बेतात होती.

नेमकं तेव्हाच इलॅस्टिकने प्राण सोडला. फट्!

थाळी मंदावली. व्हायोलिनं कण्हत खाली खाली उतरू लागली. हेरिबेर्तोने विचार केलाच नाही. त्याची तर्जनी आपोआप तबकडीच्या मधल्या कागदावर गेली आणि त्याने थाळी हाताने फिरवायला सुरुवात केली.

"देलिया! पुढे ये! माझ्यापुढे उभी राहा!"

देलियाने एका नजरेत सगळं ओळखलं. शाल पसरून ती परडीशेजारी पुतळ्यासारखी उभी राहिली आणि ओठ न हलवता म्हणाली, "फार जोरात! लोकांना ट्राम पकडायची नाहीये. हळू!"

"मला काही दिसत नाही!"

"मी सांगते. पट्टेरी शर्टवाल्याने बायकोला कवेत घेतलंय... वळवतोय... थांब, थांब, पाय हवेत आहे तिचा... आता सोड!"

हेरिबेर्तोने सोडलं. वाद्यवृंदाने श्वास घेतला आणि लाटेसारखा पुढे कोसळला. फरशीवर कुणीतरी "आहा!" म्हणालं. नाचणारे संगीताकडे कान लावून थांबत होते, देलिया नाचणाऱ्यांकडे बघून सांगत होती, आणि हेरिबेर्तो देलियाचं ऐकून फिरवत होता. कोण कुणाच्या तालावर चाललंय, ते परमेश्वरालाच माहीत. व्हायोलिनं हुंदके देत होती. पियानो दारात अडखळल्यासारखा रेंगाळायचा आणि मग धावत सुटायचा. खुर्च्या रिकाम्या झाल्या. कधी न नाचणारा क्लबचा खजिनदारसुद्धा कुणालातरी धरून फरशीवर उतरला.

"बोट जळतंय गं!"

"जळू दे! म्हातारी रडतेय. हळू... अजून हळू... अरे देवा, ती उठली! म्हाताऱ्या, ती नाचायला उठलीय! हेर्वासिओबरोबर!"

हेरिबेर्तो फिरवत राहिला. खांद्यापासून हात सुन्न झाला होता, घामाने चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता, पण शेवटच्या दोन ठोक्यांच्या मध्ये त्याने थाळी अशी काही रोखून धरली, की सगळं सभागृह एका पायावर उभं राहिलं. मग त्याने सोडली. टण!

छप्पर उडेल असा गलका झाला. माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. हेर्वासिओ मंचापाशी आला तो भिजलेल्या मिशांनी.

"हरलो मी!" तो हुंदका देत म्हणाला. "अरे, काय माणूस होता! आधी मुद्दाम घड्याळ वाजवलं, आपल्याला बेसावध केलं, आणि मग! तो मधला बदल! असा श्वास जगात दुसऱ्या कुणाला जमला असता?"

 आयुष्यभर हेरिबेर्तो ज्या काळजासाठी भांडला, ते आज सगळ्यांनी मान्य केलं होतं, आणि ते बेरार्दीचं नव्हतंच. त्याला गप्प बसवेना.

"हेर्वासिओ, मला एक सांगायचंय. ती तबकडी—"

देलियाच्या टाचेने त्याचा अंगठा चेपला. तेवढ्यात काठी टेकत दोन्या लेओनोर मंचावर आली.

"तुम्ही जरा खालीच थांबा," तिने हेर्वासिओला फर्मावलं आणि परडीला वळसा घालून ती थेट प्लेअरपाशी गेली. लोंबणारं इलॅस्टिक तिने बघितलं. मग हेरिबेर्तोचा हात हातात घेऊन तर्जनीवरचा टपोरा फोड बघितला.

"दोन्या लेओनोर, माफ करा," तो पुटपुटला. "तुमच्या वडिलांच्या सुरांशी मी खेळलो."

"ध्वनिमुद्रण झालं तेव्हा मी स्टुडिओत पियानोखाली बसले होते," ती हळूच म्हणाली. "सुरुवातीपासून शेवटपर्यंत टक, टक, टक. पप्पांनी बूट आपटून आपटून फरशी फोडली असती. माझं आणि माझ्या नवऱ्याचं जमलं ते नाचताना, आणि आमचं पहिलं भांडणही नाचतानाच झालं, पप्पांच्या तबकडीवर. तो म्हणायचा, या तालात बायकोला जवळ घ्यायला वेळच मिळत नाही. म्हणून मी ते सगळं बंद करून ठेवलं." तिने डोळे पुसले आणि एकदम पोरीसारखी खुदकन हसली. "आज वेळ मिळाला. तोही त्या वकिलाबरोबर! त्याला नाचता येत नाही, पण आज येत होतं."

"मग आता?" देलियाने विचारलं.

"आता परवानगी देते. सगळ्या तबकड्या काढा. पण ही अशीच निघाली पाहिजे, आज वाजली तशी. स्टुडिओत याला बसवायचं, आणि तुम्ही पुढे उभं राहून सांगायचं. दुसरं कुणी चालायचं नाही."

हेरिबेर्तोला हसावं की रडावं कळेना. मूळ सुराला कुणी जराही धक्का लावू नये म्हणून त्याने उभ्या आयुष्यात माणसं तोडली होती. त्याने देलियाकडे पाहिलं. ती डोळे चमकवत शालीची घडी घालत होती.

"हो म्हण, म्हाताऱ्या," ती म्हणाली.

"हो," हेरिबेर्तो म्हणाला.

दोन्या लेओनोरने मंचावरूनच परवानगी जाहीर केली तेव्हा पुन्हा आरोळ्या उठल्या. हेर्वासिओला राहवेना. तो मंचावर चढला आणि त्याने हेरिबेर्तोचे दोन्ही खांदे धरले.

"भल्या माणसा, मी तुला पुष्कळ बोललो. ते विसर. पण एवढं एकच वचन दे. कंपनीवाले हल्ली हे सुधारतात, ते बदलतात. तू तिथे जातीने हजर राहा आणि या तबकडीला कुणालाही बोट लावू देऊ नकोस!"

हेरिबेर्तोने फोड आलेलं बोट हळूच कोटाच्या खिशात सरकवलं.

"दुसऱ्या कुणाला नाही," तो म्हणाला.