आचारी मामा आणि खुशबूचा भात

साकोलीपासून भंडाऱ्यापर्यंत माझ्या हातचं खाऊन नाक मुरडणारा माणूस अजून जन्माला यायचाय! लग्नातला आचारी आहे मी. रुसलेले व्याही जेवू घातलेत! त्यामुळे बहिणीकडे मुक्कामाला गेलो तेव्हा माझी नऊ वर्षांची भाची खुशबू फक्त पांढरा भात आणि भाजलेला पापड खाते हे ऐकून मला हसूच आलं.

"नखरे आहेत शालू, दुसरं काय!"

"नखरे नाही, दादा," बहीण म्हणाली. "ऑटिझम आहे तिले. वास, चव, सारंच तिले जास्त लागते. तू काही करू नको."

काही करू नको म्हटलं की माझे हात शिवशिवतात! शालू शेजारी गेली तशी मी दुधी उकडला, लोण्यासारखा घोटला आणि भातात असा मिसळला की दुधीलाही आपण दुधी असल्याचं आठवलं नसतं!

खुशबूने एक घास घेतला. थांबली. माझ्याकडे फौजदारासारखं पाहिलं आणि अख्खं ताट मोरीत ओतलं! साधा भात वाढला, तोही मोरीत. पापड, तोही! माझा हात लागलेला प्रत्येक पदार्थ आता आरोपी!

"काय करून ठेवलं रे!" परत आलेली शालू ओरडली. "दोनच तर जिनसा खात होती, त्याबी गेल्या!"

संध्याकाळपर्यंत पोरगी नुसत्या पाण्यावर. मी शालूपुढे कान पकडले.

"आता काय करू, शालू?"

"तिच्यासमोर शिजव. अन् हात दाखव."

दाखवले! तांदूळ दाखवले, पाणी दाखवलं, रिकामं पातेलं दाखवलं. खुशबूने माझे खिसेसुद्धा उलटे केले, त्यातला कंगवा हुंगला, मगच पातेल्यावर स्वतः झाकण ठेवलं. भात होईपर्यंत जागची हलली नाही. आणि जेवली! तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

मग मीही माझं ताट घेऊन तिच्या शेजारी बसलो. 'खा' म्हणून आग्रह केला नाही, खरंच! तिनंच हात लांब केला, माझ्या ताटातली काकडीची चकती उचलली. हुंगली. गालाला लावली. जिभेवर ठेवली... आणि फू! थेट माझ्या नव्या शर्टावर!

"दादा!" शालू किंचाळली. "चाखलं तिनं! आपल्या मनानं चाखलं!"

"अवं, थुंकली ना ती!"

"थुंकायच्या आधी चाखलंच ना!" शालूचे डोळे भरून आले होते.

खुशबू दुसऱ्या चकतीकडे टक लावून पाहत होती. मी शर्ट पुसला नाही. उलट थोडा पुढे सरकून बसलो. नेम चुकायला नको!