पुगळेंदीचं पहिलं दूध

मदुरैत पुगळेंदीला पहिलं दूध मी घालतो, हे वाक्य सौंदरपांडियन गेली चव्वेचाळीस वर्षं बोलत आला होता. चहाच्या टपरीवर बोलायचा, लग्नाच्या पंगतीत बोलायचा, कुणी नुसतं किती वाजले विचारलं तरी बोलायचा. शहर बससेवेतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाला त्या दिवशी साहेबांनी चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हाही तो हेच बोलून खाली बसला.

आणि ते खोटं नव्हतं. पुगळेंदीचा नवा सिनेमा लागला की नागलक्ष्मी टॉकीजच्या दारात त्याचा चाळीस फुटी रंगवलेला कटआउट उभा राहायचा. पहाटे पाचच्या खेळाआधी बांबूच्या परांचीवरून दुधाची कॅन घेऊन वर चढायचा तो चाहता मंडळाचा सेक्रेटरी, म्हणजे सौंदरपांडियन. वर पोचल्यावर डोळे मिटायचे, पुगळेंदीचं नाव तीनदा घ्यायचं आणि कॅन उपडी करायची. दूध कपाळावरून नाकावर, नाकावरून मिशीवर यायला चांगलाच वेळ घ्यायचं. ते पायाशी पोचलं की खालून हजार माणसांचा आवाज उठायचा. तो आवाज वरून ऐकलेल्या माणसाला पुढे आयुष्यात दुसरं काही गोड लागलं नाही तर त्यात नवल नव्हतं.

एकाच वर्षी घोटाळा झाला. चौऱ्याऐंशी साली पुगळेंदीचा लॉरी ड्रायव्हरचा सिनेमा आला. सौंदरपांडियनने वर चढून कॅन बांबूला अडकवली, दोन्ही हात जोडले, आणि जोडलेल्या हातांनीच खाली आला. गळ्याजवळचं हाड मोडलं. मंडळ त्याच्याभोवती गोळा झालं तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी तोंडाला टॉवेल गुंडाळून सरसर वर चढला, दूध घातलं, खाली उतरला आणि नाहीसा झाला. नंतर अकरा जणांनी देवाशपथ सांगितलं की तो मीच. पण कटआउटचा डावा कान पेंटरने त्याच पहाटे पुन्हा गुलाबी रंगवला होता आणि तो ओला होता. वर जाईल त्याचा हात गुलाबी होणार, हे फक्त सौंदरपांडियनला ठाऊक होतं, आणि चोर पकडण्यासाठी त्याने ते पोटातच ठेवलं होतं. अकरांपैकी एकाचाही हात गुलाबी निघाला नाही. शेवटी त्याने मनाची समजूत घातली, की असेल आपल्याच मंडळातला कुणीतरी. मंडळाचं दूध ते सेक्रेटरीचं दूध. फुशारकीला चीर गेली नाही.

पुढे पुगळेंदी म्हातारा झाला आणि घरी बसला. नागलक्ष्मी पाडून तिथे मॉल झाला. पाडायच्या दिवशी सौंदरपांडियन जाऊन धुळीत उभा राहिला, रडला, आणि घरी येऊन बायकोला, वडिवूला, म्हणाला की डोळ्यात सिमेंट गेलं. वडिवूने डोळ्यांत घालायचे थेंब पुढे केले.

अशात बातमी आली. लॉरी ड्रायव्हरचा सिनेमा धुऊनपुसून पुन्हा दाखवणार होते. त्याच मॉलमध्ये, चार नंबरच्या पडद्यावर, रविवारी सकाळी दहाला, एकच खेळ. सौंदरपांडियनने मंडळाची जुनी वही काढली. चारशे बारा नावं होती. तीन दिवस फोन केल्यावर कळलं, की बरीचशी माणसं देवाघरी गेली होती आणि उरलेली बंगळुरूला मुलाकडे. कुणाचे गुडघे, कुणाचा दमा. अखेर त्याला धरून बारा जण पक्के झाले.

मॉलच्या थिएटरची मॅनेजर निवेदा नावाची तरतरीत मुलगी होती. ती म्हणाली, "अंकल, दहा वाजेपर्यंत दहा तिकिटं गेली नाहीत तर शो रद्द होतो. नियम आहे."

"दहा? पोरी, या जागेवर पुगळेंदीच्या तिकिटासाठी पोलिसांच्या काठ्या खाल्ल्यात आम्ही."

"म्हणजे दहा होतील ना?"

"मदुरैत पुगळेंदीला पहिलं दूध मी घालतो," सौंदरपांडियन म्हणाला. तिला त्यातून काय समजलं देव जाणे.

रविवारी नऊ वाजता तो आणि पेच्चिमुत्तू मॉलच्या दाराशी हजर झाले. पेच्चिमुत्तू मंडळाचा खजिनदार. तरुणपणी रांगेत माणसांच्या खांद्यांवरून चालत खिडकीपर्यंत पोचायचा. आता पायरी चढताना कठडा धरत होता. सोबत दुधाची कॅन, कापूर आणि दृष्ट काढायला कोहळा. गार्डने कोहळा यंत्रातून दोनदा फिरवला.

"काका, बाहेरचं खाणंपिणं आत चालत नाही."

"हे प्यायचं नाहीच."

"मग?"

"डोक्यावर घालायचं आहे."

"कुणाच्या?"

सौंदरपांडियनने वरच्या मजल्याकडे बोट केलं. गार्डने छताकडे पाहिलं आणि कॅन, कापूर, कोहळा तिन्ही काढून घेतलं. पण पेच्चिमुत्तू कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याच्या पिशवीत दुधाचा एक थर्मास वेगळा होता. तो म्हणाला, हा मधुमेहाचा काढा, दर दोन तासांनी घ्यावा लागतो. गार्डच्या वडिलांनाही मधुमेह निघाला, त्यामुळे कृती सांगावी लागली. पेच्चिमुत्तूने मेथी, कारलं आणि तोंडाला येईल तो पाला सांगून टाकला आणि गार्डने ते सगळं लिहून घेतलं.

वर गेल्यावर सौंदरपांडियनचा जीव खट्टू झाला. कटआउट नव्हताच. दाराजवळच्या खांबावर माणूसभर उंचीचा उजेडाचा पडदा होता आणि त्यात पुगळेंदी खांद्यावर टॉवेल टाकून उभा होता. चढायला परांची नाही, खाली हजार माणसं नाहीत. मंडळाचे चार जण तिकिटं काढून बाकावर बसून पाय चोळत होते. उरलेले सहा वाटेवर होते.

"चालवून घे," पेच्चिमुत्तू म्हणाला. "मी फोटो काढून ग्रुपवर टाकतो. वाटेवरच्यांना तेवढाच हुरूप."

सौंदरपांडियनचा एक डोळा मोतीबिंदूने झाकोळलेला, दुसऱ्यापुढची काच घामाने धुकटलेली. पण डोळ्यांचं इथे काम नव्हतंच. त्याने ते मिटले. नाव घेतलं, सावकाश, तीनदा, आणि घेता घेता नागलक्ष्मीचं दार, भोंगे, शेंगदाण्यांचा वास, सगळं पुढे उभं राहिलं, म्हणून जरा जास्तच वेळ लागला. मग टाचा उंचावून त्याने थर्मास उपडा केला.

आता तो पडदा दर पंधरा सेकंदांनी चित्र बदलायचा, हे या दोघांना कुणी सांगितलं नव्हतं. पुगळेंदीनंतर पुढच्या रविवारच्या सिनेमाची जाहिरात यायची. पुढच्या रविवारी मदिवाणनचा सिनेमा होता.

मदिवाणन म्हणजे पुगळेंदीचा जन्माचा वैरी. निदान चाहत्यांनी तरी त्यांना वैरी ठरवलं होतं. नोकरीत असताना मदिवाणनचा बिल्ला लावलेल्या प्रवाशाला सौंदरपांडियनने कधी खिडकीची जागा मिळू दिली नव्हती. त्याचा एकही सिनेमा बघणार नाही अशी त्याची शपथ होती, आणि ती त्याने टीव्हीवरसुद्धा पाळली होती. त्या मदिवाणनच्या कपाळावर आता दुधाची धार लागली होती. पेच्चिमुत्तूलाही धड दिसत नव्हतं. त्याने फोटो काढला, खाली लिहिलं "पहिलं दूध, नेहमीप्रमाणे आपलंच", आणि पाठवून दिला. खांबातून चर्र आवाज आला आणि पडदा काळा पडला.

पहिला फोन तिरुमंगलमहून निघालेल्या सभासदाचा आला. "सेक्रेटरी, चाळीस वर्षांची निष्ठा अशी विकलीत? मी बसमधून उतरलोय. परत चाललो."

"अहो, काय झालं तरी काय?"

"फोटो बघा तुमचा."

फोटो बघायला बाकावरच्या चौघांची मदत घ्यावी लागली. ते बघेपर्यंत आणखी पाच फोन येऊन गेले. वाटेवरचे सहाच्या सहा जण माघारी फिरले होते. असल्या फितुराच्या शेजारी बसून पुगळेंदी बघण्यापेक्षा घरी बसलेलं बरं, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. सौंदरपांडियन प्रत्येकाला तो पडदा बदलतो हे समजावू लागला, पण कटआउट मधेच बदलतो हे त्या वयाच्या माणसाला पटवणं सोपं नव्हतं.

निवेदा इलेक्ट्रिशियनला घेऊन आली. ती रागावली होती, पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून आवाज खाली आणला. "अंकल, नऊ चाळीस झाले. सहाच तिकिटं आहेत."

सौंदरपांडियन रिकामा थर्मास घेऊन बाकाच्या कडेला टेकला. हा सिनेमा त्याने पहिल्या दिवशी मोडक्या हाडानिशी पाहिला होता आणि मगच दवाखान्यात गेला होता. आता तो पुन्हा मोठ्या पडद्यावर दिसायचा होता तो हाच एकदा, आणि तोही त्याच्याच हातून बुडत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेवढ्यात सरकत्या जिन्यावरून चार म्हातारे हार घेऊन वर येताना दिसले. सगळ्यांत पुढे आरोक्कियसामी.

आरोक्कियसामी शिंपी. मदिवाणनच्या मंडळाचा सेक्रेटरी. चाळीस वर्षांत या दोघांमध्ये टोमण्यापलीकडे बोलणं नव्हतं. वडिवू मात्र ब्लाउज त्याच्याकडेच शिवायची, कारण तिच्या मते निष्ठा वेगळी आणि बाही वेगळी. आरोक्कियसामीच्या हातात मानाची शाल होती. माणूस एका गोटातून दुसऱ्या गोटात आला की चारचौघांत त्याला शाल पांघरवायची, फोटो काढायचा, अशी तिकडची रीत. शाल अंगावर पडली की परतीचे दोर कापले गेले.

"या सेक्रेटरी," आरोक्कियसामी म्हणाला. "फोटो फिरत फिरत आमच्यापर्यंत पोचला. उशिरा का होईना, डोळे उघडले."

"उघडले नव्हते, तोच घोळ झाला. शाल खाली ठेव. चुकून झालं ते."

"चुकून? डोळे मिटलेले दिसतायत फोटोत. आमच्यातल्या एकानेही इतक्या भक्तिभावाने कधी दूध घातलं नाही."

सौंदरपांडियन उत्तर द्यायला गेला आणि थांबला. कंडक्टरचं डोकं होतं, माणसं दिसली की आपोआप मोजायचं. समोर चार होते.

"आरोक्किया," तो हळूच म्हणाला, "सिनेमा बघतोस का?"

"कुणाचा?"

"आमचा. चार माणसं कमी आहेत. नाहीतर बंद करतायत."

आरोक्कियसामीने काळ्या पडलेल्या खांबाकडे पाहिलं, बाकावरच्या चौघांकडे पाहिलं. "आणि ही शाल? अख्ख्या गल्लीला सांगून निघालोय. तशीच परत नेऊ?"

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

"शाल तुझ्या खांद्यावर, आम्ही खुर्चीवर. आणि पुढच्या रविवारी आमच्या खेळाला तू."

पेच्चिमुत्तूने "नाही" म्हणून मान हलवली. सौंदरपांडियनने घड्याळ बघितलं, डोळे मिटले आणि मान वाकवली. शाल पडली, हार पडला. या वेळचा फोटो पेच्चिमुत्तूच्या हातून अगदी स्वच्छ आला.

दहा म्हातारे दोनशे खुर्च्यांत एकाच रांगेत बसले. आत थंडी इतकी, की शाल फार उपयोगी पडली. पुगळेंदी लॉरीशी आला, खांद्यावरचा टॉवेल काढून दोनदा झटकला. या जागी पूर्वी छप्पर उडेल अशी शिट्टी व्हायची. सौंदरपांडियनने बोटं तोंडात घातली, पण नव्या कवळीतून नुसता वारा गेला. तेवढ्यात शेजारून खणखणीत शिट्टी वाजली. आरोक्कियसामीची. पुढे तर पुगळेंदीच्या आधी तोच संवाद बोलू लागला.

इंटरव्हलला सौंदरपांडियनने त्याला गाठलं. "तुला हे सगळं पाठ कसं?"

"रटाळ सिनेमा आहे. लक्षात राहतो."

"आरोक्किया."

शिंप्याने हातातला पॉपकॉर्नचा डबा फिरवला. "पहिल्या दिवशी पाचच्या खेळाला होतो मी. आमच्यातल्या कुणी ओळखू नये म्हणून तोंडाला टॉवेल बांधून. आणि तू पाडाच्या आंब्यासारखा खाली. दूध पडल्याशिवाय तुमचा ऑपरेटर मशीन चालू करेना. सगळे तुझ्याभोवती, कॅन वर लटकलेली. मी काय करायचं? शो बुडू द्यायचा?"

"अकरा जण म्हणाले होते मीच म्हणून. तू बारावा."

"त्या अकरांना विचार, डावा कान ओला होता का. नवा कोरा शर्ट होता माझा. गुलाबी पंजा अजून आहे त्यावर. पण एक सांगतो, नाव तुमच्या माणसाचं नाही घेतलं. डोळे मिटून तीनदा मदिवाणन म्हटलं आणि ओतलं."

सौंदरपांडियनला राग यायला हवा होता. तो येण्याची त्याने थोडा वेळ वाटही पाहिली. पण आला तो दुसराच विचार. तिथे वर उभं राहिलेला, अजून जिवंत असलेला, आणखी एक माणूस जगात होता.

"आवाज ऐकलास?" त्याने विचारलं. "दूध पायाशी पोचल्यावर?"

"ऐकला."

"कसा वाटला?"

आरोक्कियसामीने डब्यातलं उरलेलं पॉपकॉर्न चाळवलं. मग म्हणाला, "आमच्या माणसाला तसा कधी आला नाही रे."

घरी वडिवूने शाल उलटसुलट करून पाहिली आणि काठाची शिलाई आरोक्कियसामीचीच आहे म्हणाली. पुढच्या रविवारी मॉलच्या दारात पुन्हा थर्मास निघाला. गार्डने पेच्चिमुत्तूला ओळखलं. काढ्याने वडिलांना तीन दिवस जुलाब झाले, पण साखर उतरली, म्हणून त्याने सलाम ठोकून आत सोडलं. त्या दिवशी आठच तिकिटं गेली होती. सौंदरपांडियन आणि पेच्चिमुत्तू धरून दहा झाली.

अजूनही चहाच्या टपरीवर तो सांगतो, की मदुरैत पुगळेंदीला पहिलं दूध मी घालतो. पण आता आरोक्कियसामी शेजारच्या बाकावर चहा पीत असतो, म्हणून पुढे हळूच जोडतो, "एक वर्ष सोडून."