दहापैकी तीन

कुठल्याही दुखण्याचं निम्मं व्यवस्थापन त्याची नीट नोंद ठेवण्यात असतं. (उरलेलं निम्मं रुग्णाने करायचं असतं.) बाबांच्या कमरेत नस दबली आणि त्यांचं डावं पाऊल घासत पडू लागलं, तेव्हा हे तत्त्व मी तातडीने अमलात आणलं. मणक्याच्या आजारांवरची चार पुस्तकं वाचली. त्यांतल्या दोन पुस्तकांचे सल्ले एकमेकांविरुद्ध होते, म्हणून बाबांकडून दोन्ही पाळून घेतले.

कार्यपद्धती अशी होती. सकाळी आठ वाजता, मी ऑफिसला निघण्यापूर्वी, बाबांनी पॅसेजच्या या टोकापासून खिडकीपर्यंत चालायचं. अंतर अठ्ठावीस फूट. मग दुखणं दहापैकी किती, ते सांगायचं. चारपर्यंत ‘समाधानकारक’. पाच झाल्यास डॉक्टर, म्हणजे माझी अर्ध्या दिवसाची रजा.

“बाबा, किती?”

“तीन, बाईसाहेब.”

“नक्की?”

“कालचेच आहेत. टिकाऊ निघाले.”

वर्षभरात तीनशेबारा नोंदी झाल्या (रविवारी दुखण्याला सुट्टी). सगळ्या तीनच्या. फिजिओथेरपिस्टबाई तक्ता बघून म्हणाल्या, “इतकं एकसारखं कुणाचंच दुखत नाही हो.” मी ते कौतुक समजले.

त्रुटी एकच होती. पॅसेजच्या भिंतीवर, कमरेच्या थोडं वर, तळहाताएवढे काळपट डाग पडत चालले होते. दर दोन फुटांवर एक, थेट खिडकीपर्यंत. मी रीतसर चौकशी केली (संशयित एकच होता), रंगारी बोलावला, भिंत पांढरीशुभ्र करून घेतली आणि बजावलं, “बाबा, आता भिंतीला हात लावायचा नाही हं.”

“नाही लावत,” ते म्हणाले.

ते शब्दाचे पक्के. त्यानंतर ते खिडकीपर्यंत गेले नाहीत.

“आज बसूनच तीन आहेत,” म्हणायचे. मी ‘विश्रांती: समाधानकारक’ लिहायचे आणि बस गाठायचे.

मार्चमध्ये बाबा गेले. तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

भिंत अजून स्वच्छ आहे.

हल्ली माझी कंबर धरते, उजवं पाऊल मध्येच बधिर होतं आणि चप्पल मागे राहून मी पुढे जाते. माझी मुलगी माझ्याहून पद्धतशीर आहे, तिने तक्ता मोबाइलवर केलाय. काल सकाळी आठ वाजता ती दारात उभी होती. खांद्याला बॅग, एका पायात बूट.

“आई, पटकन सांग ना, किती?”

मी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

“तीन.”

“मस्त!” ती म्हणाली आणि पळाली.

दार लागलं. मग मी भिंतीवर हात टेकला आणि खिडकीकडे निघाले.

तुमच्याही घरातल्या माणसाचं उत्तर रोज समाधानकारक येत असेल, तर अभिनंदन. आमचा रंगारी कामाला चोख आहे. नंबर हवा असल्यास जरूर कळवा.