कप्तानाची घिरटी

आमच्या पिंगळीचे किशनराव कप्तान कुणाच्याही घरात सरळ शिरत नसत. आधी बाहेरून त्या घराला एक घिरटी घालत, मग दाराशी येत, एका बाजूला सरकून उभे राहत, वर बघत हलक्या आवाजात "उतरो भाई" म्हणत, जरा थांबत, आणि मगच चपला काढून आत येत. घर पाटलाचं असो की मेंढरं राखणाऱ्या बिरूचं, बारशाचं बोलावणं असो की मयताच्या घरी भेटायला जायचं असो, घिरटी चुकत नसे.

आमचं घर तर गल्लीत, भिंतीला भिंत लागलेलं. त्याला घिरटी घालायची म्हणजे तेल्याच्या बोळातून, शाळेच्या मागून आणि म्हशींच्या गोठ्यासमोरून यावं लागे. सुरुवातीला त्यांचा चहा निवून जायचा. मग आमच्या मंडळींनी युक्ती काढली. म्हशी हंबरल्या की चहा चुलीवर ठेवायचा.

हे "उतरो भाई" नेमकं कुणाला, ते विचारायची माझी छाती नव्हती. मी शाळेत विज्ञान शिकवतो. भूतखेत सगळं झूट, असं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून देणारा माणूस. पण कप्तान दारात बाजूला सरकले की मीही आपसूक पाय आखडून घेई, जणू मधून कुणाला जायला वाट हवी आहे. आमची मंडळी पाट सरकवत. आम्ही दोघं एकमेकांकडं बघायचं टाळत असू.

कप्तान हे नाव गावानं दिलेलं. हा माणूस लष्करात वगैरे कधीच नव्हता. निजामाच्या काळात वडिलांनी वकिलीसाठी हैदराबादला पाठवलं, आणि पोरगं विमान चालवायला शिकून बसलं. तेही साधं नव्हे, कसरतीचं. विमान उलटं करायचं, सरळ वर नेऊन पालथं पाडायचं, लोकांच्या टोप्या उडतील इतकं खालून न्यायचं. प्रदर्शनं, जत्रा, कुणा नबाबाचा वाढदिवस, असं यांचं बोलावणं असे. पुढं ते दिवस गेले तशी मानवतकडं कापसावर औषध फवारणारी विमानंही त्यांनी चालवली, आणि अधूनमधून कसरतीही चालू ठेवल्या. शेवटी फ्लाइंग क्लबानं सांगितलं, वयाची अट ओलांडली, आता पुरे. शाल दिली, नारळ दिला, आणि कप्तान पिंगळीला विधवा बहिणीकडं येऊन राहिले.

ती वयाची अट त्यांनी कधीच मान्य केली नाही. कारण विचारलं तर म्हणत, "गुर्जी, माझं वय फसलीत हाय."

नव्या लोकांना सांगायला हवं, निजामाच्या राज्यात आमच्याकडं इसवी सन नव्हता, फसली सन होता. जन्म, शाळा, सातबारा, सगळं फसलीत. निजाम गेला, मागोमाग फसली गेली. आम्ही बाकीच्यांनी मुकाट्यानं आपापली वयं इसवीत करून घेतली. कप्तानांनी केली नाहीत.

"फसली बंद पडली तवा मी अठ्ठावीसचा," ते शांतपणे सांगत. "सन बंद, तर वय कुठून वाढल? तुमीच सांगा, तुमी शिकलेले हाव."

यात गंमत अशी की त्यांची बहीण, जिला सगळं गाव आक्का म्हणे, ती त्यांच्यापेक्षा धाकटी. ती बिचारी इसवीप्रमाणं साठीला टेकलेली, आणि थोरला भाऊ अठ्ठावीसचा. "पाठची भैन आसून मी दादाची आईवाणी दिसायले," असं ती हसून म्हणे, पण हसणं पुरतं चेहऱ्यावर येत नसे.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एकदा कप्तान पाटलाकडं पानसुपारीला गेले. घिरटी घातली, दाराशी आले, वर बघितलं आणि मान हलवली. "आज मैदान साफ न्हाई," एवढं बोलून माघारी फिरले. पाटील रागावले. पण त्याच आठवड्यात त्यांच्या माजघरावरचं माळवद सगळ्या मातीसकट खाली बसलं. माणसं शेतात होती म्हणून वाचली. मी गावाला समजावलं, की अहो, घराभोवती फिरणाऱ्याला भिंतीची भेग दिसणारच. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि त्या दिवसापासून कप्तान ज्या घराला घिरटी घालत, त्या घरातल्या बाया हातातलं काम टाकून, ते आत येईपर्यंत श्वास धरून बसू लागल्या.

स्वतःच्या घरालाही त्यांची घिरटी असेच. त्यांचं घर गावाबाहेर स्टेशनच्या वाटेवर, चहूबाजूंनी मोकळं. आत जमिनीवर मधोमध त्यांचा काळ्या नावाचा कुत्रा पसरलेला असे. कप्तान बाहेरून फिरू लागले की हा न उठता नुसती मान फिरवी. आधी चुलीकडं, मग कणगीकडं, मग खिडकीकडं, शेवटी दाराकडं. मान दाराशी आली की कप्तान आत. मग काळ्या पुढच्या पायांवर डोकं टेकून डोळे मिटी. घड्याळाच्या काट्यासारखं ते बघायला मला मोठी मजा वाटे.

त्या वर्षी नामांतराच्या आंदोलनामुळं आमच्याकडं कधी एसटी बंद, कधी शाळा बंद. त्यातच कुठल्याशा क्लबानं परभणीबाहेरच्या माळावर विमानांच्या कसरती ठेवल्या. दोनदा तारीख ठरली, दोनदा बंदमुळं पुढं गेली. क्लबाचा एक तरुण अधिकारी जीपमधून पिंगळीला आला. जुने वैमानिक म्हणून कप्तानांना मांडवात मानाची खुर्ची द्यायची होती.

"खुर्ची ठिवा तुमाला," कप्तान म्हणाले. "मला विमान द्या. एक चक्कर. एकट्याला."

"साहेब, साठीची अट आहे."

"मी अठ्ठावीसचा."

अधिकारी माझ्याकडं बघू लागला. मी त्याला फसलीचं प्रकरण समजावलं. त्याला मोठी मौज वाटली. तो कप्तानांच्या कसरतींच्या गोष्टी ऐकत वैमानिक झालेला, त्यामुळं मऊ पडला. जाताना म्हणाला, "साहेब, विमानापाशी सगळ्यांसमोर मी एकदा तुम्हाला वय विचारीन. तुम्ही सांगाल ते मी मानीन. पुढचं माझ्यावर."

मला वाटलं, झकास झालं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी आक्का आमच्याकडं आली. उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ती उंबऱ्यावरच बसली.

"गुर्जी, दादाला आडवा. ह्यो वर गेला तर खाली यायचा न्हाई."

"अहो आक्का, आयुष्यभर उडलेला माणूस आहे."

"पडल मनून भ्याले न्हाई मी. ह्यो येणारच न्हाई. युसूफभाई आला न्हाई तसा."

मग तिनं सांगितलं. युसूफभाई हा कप्तानांचा हैदराबादचा जोडीदार आणि उस्ताद. बायको नाही, पोर नाही, किशन हाच त्याचा मुलगा. दोघं दोन विमानं घेऊन उडत, एक सुलटं, एक उलटं, पंखाला पंख लावून. उतरायचा त्यांचा नियम ठरलेला होता. आधी मोठ्यानं उतरायचं. धाकट्यानं वर घिरट्या घालत वाट बघायची. युसूफभाईची पंचावन्न पुरी झाली तसा त्याला निवृत्तीचा हुकूम आला. निजाम जायच्या आदल्या हिवाळ्यात त्याची शेवटची कसरत झाली. कसरत उत्तम वठली. पण किशनचं इंजिन खोकू लागलं, आणि मोठ्याची वाट न बघता तो आधी उतरला. उतरून वर बघतो तर युसूफभाई फिरतोय. एक घिरटी, दुसरी घिरटी. हळूहळू उंच गेला आणि धुरकट आभाळात दिसेनासा झाला. ना विमान सापडलं, ना तुकडा. कुणी म्हणे तळ्यात गेला, कुणी म्हणे सरहद्दीपार.

"दादा मन्तो, त्यो आजून वर हाय," आक्का म्हणाली. "मी आधी उतरलो मनून त्याला उतरता येईना, आसं मन्तो. तवापासून दर दाराला त्याच्यासाठी घिरटी घालायलाय. आधी त्याला आत सोडतो, मंग सोता येतो. वय बी त्याच्यासाठीच धरून ठिवलंय त्यानं. इतकी वर्सं पोटासाठी उडला, काम झालं की उतरावंच लागायचं. आता एकट्याला विमान घावलं तर त्याला हुडकत जाईल, दुसरं काय?"

मी काहीतरी धीराचं बोललो. बोलताना माझं लक्ष मात्र आमच्या दारातल्या मोकळ्या जागेकडं होतं. इतके दिवस आम्ही नवरा-बायको कुणासाठी पाट सरकवत होतो, ते आता कळलं होतं. खोटं कशाला बोलू, मी पुन्हा पाय आखडून घेतले.

कप्तानांना अडवायला मी गेलो आणि नुसता चहा पिऊन आलो. ते इतके खुशीत होते, की माझं तोंडच उघडलं नाही.

कसरतींच्या दिवशी आम्ही तिघं टेम्पोनं माळावर गेलो. पालम-मानवतपासून माणसं लोटली होती. कप्तानांनी मानाच्या खुर्चीकडं ढुंकूनही पाहिलं नाही, थेट विमानापाशी गेले. एकटंच, पिवळ्या रंगाचं, लहानसं विमान. त्यांनी बोट ओलं करून वारा बघितला. मग विमानाला घिरटी घालायला सुरुवात केली.

एक घिरटी झाली. थांबले नाहीत. दुसरी झाली, तिसरी झाली. लोक आधी हसले, मग हसणं थांबलं. कर्ण्यावर गाणं चालू होतं तेही कुणीतरी बंद केलं. त्या एवढ्या गर्दीत कप्तानांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. आक्कानं माझी बाही घट्ट धरली होती. कप्तान चालत होते ते एका बाजूला जागा सोडून, शेजारून कुणी चालत असावं तसे, आणि त्यांचे ओठ हलत होते.

शेवटी ते पंखापाशी थांबले आणि वर बघत राहिले. आभाळात काही नव्हतं. अधिकारी पुढं झाला, हळूच डोळा मिचकावला आणि मोठ्यानं विचारलं, "साहेब, आपलं वय?"

कप्तानांनी नजर खाली आणली. आक्का पुटपुटत होती, "दादा नगं, दादा नगं."

"इसवीत सांगतो," कप्तान म्हणाले. "त्रेसष्ट."

अधिकाऱ्याचा चेहरा पडला. तो जवळ जाऊन म्हणाला, "साहेब, अठ्ठावीस म्हणाला असता तरी मी..."

"ठावं हाय, पोरा." कप्तानांनी विमानाच्या पंखावर दोनदा थोपटलं, बैलाला थोपटतात तसं. मग बहिणीकडं वळून तिला नावानं हाक मारली, "चल सोने, घरी जाऊ."

 परतताना टेम्पोत, पिंगळी जवळ आली तेव्हा आक्का म्हणाली, "दादा, आज कुटं मी धाकटी झाले." आणि डोळ्याला पदर लावला. कप्तानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत तसं करताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

घराशी उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. मी सवयीनं अंगणात थांबलो, कप्तानांची घिरटी होऊ दे म्हणून. पण कप्तान तडक दाराशी गेले आणि सरळ आत शिरले. आक्का जागच्या जागी उभी राहिली. आम्ही दोघं मागोमाग आत गेलो. ते बाजेवर बसले होते, दमलेले आणि एकाएकी खरोखरचे म्हातारे दिसणारे.

"कप्तान साहेब, घिरटी राहिली," मी म्हणालो.

"गुर्जी, तुमी मास्तर हाव, हिशोब करा. युसूफभाई पंचावन्नचा व्हता. मी त्रेसष्टचा. मोठा कोण?"

"तुम्ही."

"मंग? आधी मोठ्यानं उतरायचं. नियम हाय." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "पस्तीस वर्सं मी मोठा व्हायला तयार नव्हतो, गुर्जी. त्यो मोठा ऱ्हावा, मनून. मी मोठा झालो की त्यो गेला, आसं वाटायचं. आज त्या विमानाभवती फिरताना त्याला इच्यारलं, भाई, मी येऊ का वर? त्यो मनला, नक्को बेटा, तू उतर. तू उतरल्याबिगर मी कसा उतरू?"

आक्का दार लोटायला निघाली, तसे ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे उघडं."

मला उठून जावंसं वाटत होतं, पण पाय निघेना. बाहेर वारा नव्हता. आक्का चुलीजवळ जाऊन उभी राहिली. जमिनीवर काळ्या पसरलेला होता. त्यानं कान टवकारले आणि मान उचलून चुलीकडं बघितलं. मग कणगीकडं. मग सावकाश खिडकीकडं.

कप्तान तर आमच्यासमोर बाजेवर बसलेले होते. बाहेर कुणी नव्हतं.

काळ्याची मान दाराशी येऊन थांबली. जरा वेळानं त्यानं पुढच्या पायांवर डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

"लय दमला आसल," कप्तान म्हणाले, आणि बाजेवर एका अंगाला सरकून बसले.