तात्या आणि मनीचं कार्ड

पुस्तक घरी न्यायचं की नाही, हे तात्या वासावरून ठरवत. मुखपृष्ठ बघत नसत, लेखकाचं नाव विचारत नसत. पुस्तक मधोमध उघडायचं, नाक आत घालायचं, डोळे मिटून लांब श्वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा. "हे कच्चं हाय." किंवा, "करपलंय गो, ठेव परत." एकदा एक जाडजूड चरित्र त्यांनी "पाणी जास्त झालंय" म्हणून माघारी दिलं. ते मी वाचलेलं होतं, त्यामुळे मला काही बोलता आलं नाही.

तात्या तीस वर्षं रोह्याच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आचारी होते. तिन्ही शिफ्टच्या माणसांना जेवू घालून निवृत्त झाले होते आणि नदीपलीकडे अष्टमीत राहत होते. मूळचे गागोद्याकडचे, भातशेतीवाल्या घरातले. देह असा, की वाचनालयाचा जिना चढू लागले की वरच्या मजल्यावर आम्हाला कळायचं. जगातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या लेखी एक तर शिजलेली असे, नाहीतर न शिजलेली. मी तेव्हा तेवीस वर्षांची, पेणहून रोज एसटीनं येऊन रोह्याच्या वाचनालयात नवीनच कामाला लागलेली. माझ्याकडे बघून तात्या पहिल्याच दिवशी म्हणाले, "पोरगी बरी हाय, पण अजून दोन शिट्ट्या लागतील."

त्या दिवशी त्यांच्या बोटाला धरून त्यांची नात आली होती. वय वर्षं पाच, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला.

"हिचं कार्ड करायचं हाय," तात्या म्हणाले.

"तुमच्या नावावर करू ना," मी म्हटलं.

"माझ्या नावावर कशाला? वाचणार ती. मी खाणार आणि ढेकर तिनं द्यायची काय?"

मी नियम दाखवला. बारा वर्षांखालच्या मुलांना सभासदत्व नाही, आणि अर्जावर सभासदाची स्वतःची सही हवी. तात्यांनी अर्धाच नियम ऐकला. "सही ना? करील की. नाव काय तुझं, सांग बायला."

"मृण्मयी," ती म्हणाली.

तात्यांचा चेहरा पडला. "तिच्या आयशीनं ठेवलंय. मला अजून धड बोलता येत नाय. आम्ही मनीच म्हणतो." मग क्षणभर विचार करून म्हणाले, "आठ दिवस दे."

त्या आठ दिवसांत काय झालं, ते मला त्यांच्या सुनेनं नंतर सांगितलं. तात्या रोज सकाळी तांदळाची उकड काढायचे, मोदकाला काढतात तशी, आणि तिच्या लांब वळ्या करून ताटात अक्षरं मांडायचे. मनीनं अक्षर ओळखून शेजारी तसंच करायचं. जमलं की ते अक्षर तूप घालून खायचं. 'मृ' दोन दिवसांत पोटात गेला. 'यी' तर एका सकाळीच. 'ण्म' मात्र पाच दिवस ताटात राहिला. तो कुठून वळतो आणि कुठे जोडतो, हे विचारायला तात्या शाळेतल्या बाईंकडे ताट घेऊन गेले होते म्हणे.

पुढच्या शनिवारी मनीनं माझ्या टेबलाशी उभं राहून, जीभ बाहेर काढून, अर्जावर सही केली. अक्षरं एवढी मोठी, की शेवटची वेलांटी माझ्या टेबलावर उतरली. वाचत बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी पेपर खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

पण बारा वर्षांची अट शिल्लक होतीच. तिच्यावर निर्णय देणार आमचे अध्यक्ष. ते निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. वाचनालयात त्यांचा शब्द शेवटचा. गुरुजींनी चष्म्यावरून मनीकडे पाहिलं. "लहान मुलं पानं दुमडतात, फाडतात, गोंगाट करतात. म्हणून नियम आहे."

"गुरुजी," तात्या म्हणाले, "एक दाणा चेपून बघता ना भाताचा? मग एक पुस्तक देऊन बघा. आठ दिवसांनी, शनिवारी सहाच्या आत परत. एक पान दुमडलेलं निघालं, तर वर्षभर तुमची सगळी कपाटं मी पुसीन आणि परत हा विषय काढणार नाय."

गुरुजींनी समोरच्या घड्याळाकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "सहा म्हणजे सहा."

मनीनं चित्रांचं एक पुस्तक निवडलं, वाघाचं. तात्यांनी वास घेतला. "शिजलंय," म्हणाले, आणि दोघं जिना उतरून गेली.

नेमका तो आठवडा श्रावणातला, आणि शुक्रवारपासून असा पाऊस लागला की कुंडलिकेला पूर आला. शनिवारी सकाळीच पूल बंद झाला. अष्टमी त्या बाजूला, वाचनालय या बाजूला. मी आदल्या दिवशी रोह्याला आत्याकडे राहिले होते म्हणून कामावर पोहोचले. दुपारी कार्यकारिणीची सभा होती. ती संपली तरी गुरुजी उठले नाहीत. समोरच्या घड्याळाकडे बघत बसले. मी दर पाच मिनिटांनी खिडकीशी जाऊन येत होते.

"नियम पुराला ओळखत नाही," गुरुजी म्हणाले. पण ते म्हणताना त्यांचीही नजर खिडकीकडे होती.

पाचनंतर पाणी उतरलं आणि पायी जाणाऱ्यांना पूल मोकळा केला, असं खालच्या दुकानदारानं ओरडून सांगितलं. सहाला दहा कमी असताना जिना वाजला. आधी मनीचं डोकं दिसलं, कारण ती तात्यांच्या खांद्यावर होती. मग तात्या, छातीपर्यंत चिखल उडालेले, आणि त्यांच्या हातात स्टीलचा मोठा डबा. डबा टेबलावर ठेवून त्यांनी झाकण काढलं. आत फडकं, फडक्यात पुस्तक. पापडासारखं कोरडं.

गुरुजींनी एकेक पान उलटायला सुरुवात केली. सगळं वाचनालय त्यांच्या बोटांकडे बघत होतं. दुमड नाही. फाटलेलं नाही. कोपरे सरळ. आणि शेवटून तिसऱ्या पानावर ते थांबले. वाघाच्या तोंडापाशी हळदीचा एक पिवळाधमक डाग होता. लहान बोटाचा.

"हे काय?" गुरुजींनी विचारलं.

तात्यांनी डाग पाहिला. एवढा मोठा माणूस, पण खांदे एकदम खाली आले. त्यांनाही तो डाग माहीत नव्हता.

मनी मात्र घाबरली नाही. "तो जेवला नव्हता," ती म्हणाली. "पहिल्या पानापासून नुसता चालतोय. म्हणून मी त्याला वरणभात दिला."

कुणी हसलं नाही. हसावं की नाही ते कुणालाच कळेना. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि वाघाकडे नीट पाहिलं.

"मग? जेवला का?"

"थोडं टाकलंन."

गुरुजींच्या पोटापासून हसू आलं. त्यांना तसं हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. डोळे पुसत त्यांनी मला हाक मारली. "रजिस्टर आणा. बारा वर्षांची अट खोडा. आणि हिचं कार्ड मी लिहितो." मृण्मयीतला 'ण्म' लिहिताना ते किंचित अडखळले, तेव्हा मनीनं बोट ठेवून त्यांना तो कुठे जोडायचा ते दाखवलं.

पुढच्या महिनाभरात अष्टमी आणि रोहा मिळून बावीस मुलांची कार्डं झाली. दर शनिवारी चार वाजता तात्या मधोमध मांडी घालून बसत आणि गोष्ट वाचून दाखवत. राक्षस आला की भिंती हादरत. 'शांतता राखा'ची पाटी गुरुजींनी स्वतः उतरवून कपाटामागे ठेवली. "शनिवारपुरती," म्हणाले, पण ती पुन्हा लागली नाही.

एका शनिवारी मुलं गेल्यावर मी तात्यांना सहज विचारलं, "एवढा हट्ट कशासाठी केलात?"

ते बाकं सरळ करत होते. करता करताच बोलले. "सुरेश सहा वर्षांचा असताना त्याला इथं आणलेला. मनीचा बाप. दोन शिफ्टच्या मधल्या वेळात, अंगावर कॅन्टीनचा एप्रन, हात हळदीचे. दारातच कोण तरी होता, तो बोलला, पोराला बाहेर ठेवा. मी कॅन्टीनमध्ये हजार माणसांवर ओरडायचो, पण इथं तोंडातून शब्द नाय निघाला. पोरगाच बोलला, राहू दे बाबा. परत कधी मागितलं नाय त्यानं."

सुरेश तेव्हा परराज्यात बंदरावर क्रेन चालवत होता. वर्षातून एकदा दिवाळीला घरी येई. त्या वर्षी आला, आणि दुसऱ्याच दिवशी मनी त्याला करंगळीला धरून ओढत जिना चढली; मागे तात्यांची पावलं वाजत होती. बापासारखाच रुंद माणूस. दाराशी आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला. चपला काढल्या, पण पाय आत टाकला नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "येऊ ना मी?"

मी उत्तर देण्याआधी मनी म्हणाली, "माझ्यासंगती हायेत हे." मग त्याला दम भरला, "फक्त पान दुमडू नको हां, बाबा."

दोघं मुलांच्या ठेंगण्या बाकावर बसली. त्याचे गुडघे छातीला लागले होते. मनीच्या बोटामागून, एकेक शब्द चाचपत, तो मोठ्यानं वाचू लागला.

तात्या कुठे दिसेनात म्हणून मी बाहेर डोकावले. ते जिन्यावर आमच्याकडे पाठ करून उभे होते आणि खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसत होते.

"तात्या, आत या ना."

"नको गो," ते वळून न बघता म्हणाले. "बसू दे त्यांना. आत जागा कुठं हाय?"

आत तीन बाकं रिकामी होती.