कोगलची टोपी

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी लेओनहार्डने खिडकी उघडली, कोगलच्या शिखराकडे पाहिलं आणि घाट बंद करून टाकला.

ते त्याच्या हातात होतं. गावच्या हिमस्खलन समितीवर त्याचा हा एकतिसावा हिवाळा. कोगलवर ढगाची टोपी बसली की चार तासांत बर्फ, हे त्याचं गणित. हवामान खात्याचा अंदाज तो फक्त हसण्यापुरता ऐकायचा. आजचा अंदाज होता, दिवसभर निरभ्र!

"टोपी! तीही कानापर्यंत ओढलेली!" तो फोनवर ओरडला. सात बावीसला घाटाचं फाटक खाली आलं.

"अहो," आतून त्याची बायको रोजविता म्हणाली. ती मुलीच्या लग्नाच्या झग्याला टाचण्या लावत होती. "घाट बंद केलात?"

"केला. एकतीस वर्षांत कधी चुकलोय?"

"नाही हो. पण वऱ्हाड कुठून येणार?"

लेओनहार्डने हातातला कप बशीत ठेवून दिला. लग्न अकराला. नवरा मुलगा सेवेरिन, त्याचे आईबाप आणि चौदा जणांचा बँड, सगळे घाटापलीकडे! शिवाय पाद्रींना बाराला खालच्या गावी अंत्यविधीला जायचं होतं. ज्याचा अंत्यविधी तो थांबला असता, त्याचे नातेवाईक थांबणारे नव्हते.

"मग आत्ताच येऊ द्या की त्यांना, बर्फाआधी!"

"जावयासाठी फाटक उघडू? गाव काय म्हणेल?"

"बाबा," झग्यातून वेरेना म्हणाली, "आज लग्न झालं नाही, तर मी काय म्हणेन ते ऐकायचंय?"

नऊ वाजले. आकाश घासलेल्या ताटासारखं लख्ख! टोपी मात्र जागची हलेना. लेओनहार्डने तीनदा टाय बांधला, तीनदा सोडला.

पावणेदहाला सरपंच एगिड दुर्बीण घेऊन आला. तोही समितीवर होता.

"लेओ, टोपी जरा नीट बघ."

लेओनहार्डने पाहिलं. टोपी आकाशातून उतरली नव्हती, डोंगरामागून वर येत होती. सात फवारे, सारख्या अंतरावर.

"मागच्या उतारावर स्कीसाठी कृत्रिम बर्फ उडवणाऱ्या तोफा बसवल्यात," एगिड म्हणाला. "आज पहाटे सुरू झाल्या. ठरावाला तू स्वतः हात वर केला होतास!"

"जांभई आली असेल."

"दहाला बंद करायला सांगितल्यात. नाहीतर दुपारी तू शाळाही बंद करायला लावशील!"

घाट बंद करायला एका सभासदाचा फोन पुरतो. उघडायला मात्र तिघांच्या सह्या लागतात, कारणासकट. पलीकडच्या बाजूने नेमलेला तिसरा सभासद होता सेवेरिन. पलीकडच्या फाटकाशी, बसमध्ये, सोळा जणांसोबत अडकलेला!

"कागदाचा फोटो पाठवतो, सही करून परत पाठव," लेओनहार्ड फोनवर शक्य तितक्या रुबाबात म्हणाला.

"करतो की, बाबा. पण कारण आधी मोठ्याने वाचा. इथे सगळ्यांना ऐकायचंय."

लेओनहार्डने घसा खाकरला. "निरीक्षणाअंती... सदर ढग हा... ढग नव्हता."

पलीकडे कोणीतरी तुतारीतून एक लांबलचक, निर्लज्ज सूर काढला. सेवेरिनने ढोलावर कागद ठेवून सही केली. दहा पस्तीसला फाटक वर गेलं.

अकराला पाच कमी असताना सगळं गाव चर्चच्या पायऱ्यांवर उभं होतं. "ढग भेटला का, लेओ?" असं आतापर्यंत नऊ जणांनी विचारलं होतं. तो मान खाली घालून उभा होता. सवयीने त्याने एकदा वर पाहिलं.

तोफा दहालाच बंद झाल्या होत्या. टोपी तिथेच होती!

"एगिड," तो कुजबुजला, "तोफांच्या फवाऱ्यांमागे खरी टोपी पण होती रे. सात दहापासून."

"लेओ, आणखी एक शब्द बोललास तर तुला त्या ढोलात कोंबीन!"

"अरे, सात दहा अधिक चार तास..."

"गप्प!"

त्याने घड्याळ पाहिलं. सेवेरिनला फोन लावला. घाटात फोन लागत नव्हता. बस नवव्या वळणावर दिसल्याचं फाटकवाल्याने कळवलं होतं. वळणं एकूण तेवीस.

अकरा दहाला लेओनहार्डच्या काळ्या कोटाच्या बाहीवर काहीतरी पांढरं येऊन पडलं.

"अहो, कोंडा झटका तो," रोजविता म्हणाली.

त्याने झटकला नाही. तो विरघळतोय का, हे तो श्वास रोखून पाहत होता.